सोनमनं बघितलेलं सोलापूर

सोलापूर बघायला म्हणून आमच्याकडं आजवर कुणी आलेलं नव्हतं. दवाखान्यासाठी येतात, कोर्टासाठी येतात, लग्नाचा बस्ता बांधायला येतात, शेवटची एसटी चुकली म्हणूनही येतात. जुळे सोलापुरातला आमचा फ्लॅट म्हणजे बाबांच्या सगळ्या गोतावळ्याचा थांबा आहे. पण गेल्या मे महिन्यात केराआत्या आली, दारात चपला काढल्या आणि पाण्याचा तांब्या हातात घ्यायच्या आधीच बाबांना म्हणाली, "धना, मला सोलापूर बगायचंय. सोनमनं बगितलंय तसं."

बाबांना वाटलं, बहिणीला ऊन लागलं. त्यांनी आईला लिंबाचं सरबत करायला सांगितलं.

"सरबत ऱ्हाऊ दे," आत्या म्हणाली. "किल्ला कुटं हाय त्ये सांग."

केराआत्या बाबांची थोरली बहीण. तिला सांगोल्याकडच्या एका वस्तीवर दिलेली. तिच्या सासरी कामाची वाटणी फार पूर्वीपासून ठरलेली आहे. थोरल्या भावानं मेंढरं घेऊन रानोमाळ फिरायचं, धाकट्यानं घरी राहून शेती बघायची. आत्याचा नवरा, म्हणजे सिदूमामा, थोरला. त्यामुळं दिवाळी झाली की आत्या, मामा आणि त्यांचा थोरला मुलगा मेंढरं, घोडं, कुत्री, कोंबड्या आणि भांडीकुंडी घेऊन जे निघतात, ते पाऊस तोंडावर आला की परततात. धाकटा दीर जोतिराम आणि त्याची बायको सोनम घरी असतात. शाळेत जाणारी पोरं घरी राहणाऱ्यांकडं ठेवायची, हीही पद्धत. आत्याची शेंडेफळ लेक मायाक्का, घरातली माया, दुसरीत आहे. ती वर्षातला मोठा काळ सोनमकाकीजवळ असते.

आता आत्यानं अर्धा महाराष्ट्र पायी बघितलाय म्हणायला हरकत नाही, पण सगळा बाहेरून. मेंढरं शहरात नेता येत नाहीत. शहर आलं की वळसा घालायचा. तिला विचारा, बारामती बघितलीस का? "व्हय, लाइटी बगितल्या." पंढरपूर? "त्येच्या बी लाइटी बगितल्या." पुणे? "लई लाइटी." एवढ्यावर तिचं प्रवासवर्णन संपतं. या वर्षी परतीच्या वाटेवर त्यांची मेंढरं विजापूर रोडच्या पलीकडं एका शेतात बसली होती. तिथून तिला सोलापूरच्या लाइटी दिसल्या आणि तिचं डोकं फिरलं. नवऱ्याला म्हणाली, "तुमी जावा म्होरं. म्या भावाकडं चालले."

कारण सोनमनं सोलापूर आतून बघितलं होतं.

दोन वर्षांपूर्वी बकरी ईदच्या आधी जोतिराम टेम्पोत बोकडं घालून सोलापूरला विकायला आला, तेव्हा करडं धरायला म्हणून सोनमही आली होती. सकाळी गेली, दिवेलागणीला परतली, आणि येताना अख्खं सोलापूर घेऊन आली. तेव्हापासून वस्तीवरच्या बायका संध्याकाळी तिच्या ओट्यावर जमतात. मी सुट्टीत तिथं गेले होते तेव्हा ते पुराण मीही ऐकलंय. सोनमकाकी दहावीपर्यंत शिकलेली. एरवी ती चारचौघींसारखी 'हाय-न्हाय' बोलते, पण सोलापूर सुरू झालं की तिची भाषा एकदम इस्त्री केलेली होते. मान जराशी तिरकी, पदराचं टोक दोन बोटांत, आणि आवाज नाकातून:

"आम्ही ना, बाई, आधी किल्ला बघितला. किल्ल्यावर ना, लाइटिंग असतं. लाल, हिरवं, निळं. मग आम्ही बोटीत बसलो. बोटीत समोर एक बाई होती, तिनं हॅट घातली होती. मग आम्ही हॉटेलात गेलो. तिथं डोसा एवढा लांब, एवढा लांब, की ह्यांनी त्या टोकाकडून खाल्ला आणि मी ह्या टोकाकडून. आणि शेवटी आइस्क्रीम. आइस्क्रीमला ना, जाळ लावतात. खालनं गार, वरनं जाळ!"

इथं बायका "आगं बया!" म्हणतात. रोज म्हणतात.

आत्याला बायकांचं काही नव्हतं. तिच्या मनाला लागलं ते मायाचं वागणं. गेल्या वर्षी आत्या परत आली तेव्हा वाटेत सापडलेली मोरपिसं, गुळगुळीत गोटे, रंगीत लोकरीचा गोंडा असं काय काय लेकीसाठी जपून आणलं होतं. माया म्हणाली, "छान हाय," आणि ते सगळं आईच्या मांडीवर तसंच ठेवून काकीकडं पळाली. "काकी, जाळाचं सांग की."

हे सांगताना आत्याच्या हातातलं सरबत तसंच राहिलं होतं.

"लेक माजी," ती म्हणाली. "मला इचारती, आई, तू काय बगितलंस गं? म्या म्हनलं, मेंढरं. तिनं जांभई दिली, धना. माज्या तोंडाम्होरं जांभई दिली."

बाबांना ऑफिस होतं. आत्याला सोलापूर दाखवायचं काम माझ्यावर, म्हणजे पुनीवर, आलं आणि सोबत मौलाली चाचांची रिक्षा. चाचा आमच्या कोपऱ्यावरच्या स्टँडवर असतात, राहायला शुक्रवार पेठेत. ते आयुष्यात कधी हळू बोललेले नाहीत. रिक्षाच्या आवाजावर आपला आवाज चढवायची सवय झाली आहे, त्यामुळं रिक्षा बंद असली तरी शेजारच्या गल्लीला ऐकू जातं.

"आत्या! पैले क्या देखते? देऊळ देखते क्या किल्ला?"

"सोनमनं आदी किल्ला बगितला," आत्या म्हणाली.

"ये सोनम कौन?"

"हाय एक सटवी."

मे महिन्यातला सोलापूरचा किल्ला म्हणजे तापलेला तवा. दगडाला हात लावला की हात मागं येतो. आत्याला उन्हाचं काही नव्हतं, ती तुरुतुरु बुरुजावर चढली, कमरेवर हात ठेवून चहूकडं बघितलं आणि म्हणाली, "लाइटिंग कुटाय?"

"आत्या, दिवसा कसं असंल लाइटिंग?"

"सोनम दिवसाच आली हुती."

तेवढ्यात तिला खाली खंदकातलं गवत दिसलं आणि तिचा चेहरा जरा मऊ झाला. "पुने, हितं दोन दिस मेंढरं आरामात बसतील बग. पानी बी जवळ हाय."

"मेंढ्रां छोड्या तो मेरेकूच अंदर डालते!" चाचा खालून ओरडले. एवढ्या वरचं बोलणं त्यांना कसं ऐकू गेलं देव जाणे.

तिथून सिद्धेश्वराच्या तळ्यावर. देवळात आत्यानं मनापासून दंडवत घातलं. मग काठावर चुरमुऱ्यांची पुडी घेऊन मासे बघत बसली. चुरमुरे टाकले की मासे एकमेकांच्या अंगावर चढून येतात. आत्या ते बघून हसली आणि तिच्याही नकळत तोंडातून आलं, "हुर्रर्र, हुर्र, हो हो हो!" मेंढरांना पाण्यावर आणताना घालतात ती हाक. काठावरची माणसं वळून बघायला लागली. एक बारकं पोर तिच्याजवळ येऊन उभं राहिलं, म्हणालं, "आजी, परत करा." तिनं परत केली. तेवढा वेळ ती सोनमला पार विसरली होती. मग पुडी संपली. तिनं हात झटकले, तळ्यावर या काठापासून त्या काठापर्यंत नजर फिरवली आणि तिचा चेहरा पुन्हा कडू झाला.

"बोट कुटाय?"

त्या दिवशी तरी बोट कुठं दिसली नाही.

"हॅटवाली बाई?"

"आत्या, ती काय रोज तिथं बसून असती व्हय?"

"सोनमच्या टायमाला बरुबर हुती," आत्या म्हणाली. तळं, बोट आणि ती बाई या सगळ्यांनी मिळून सोनमच्या बाजूनं कट केला होता.

संध्याकाळी बाबा आम्हाला जेवायला घेऊन गेले. बाबांना बाहेरगावच्या पाहुण्यांना 'सोलापूरची खासियत' खायला घालायची फार हौस. शहराबाहेर एक नवं गावरान हॉटेल झालंय, तिथं नेलं. दारात बैलगाडी, आत कंदील, भिंतीवर नांगर. आणि दाराच्या आतल्या बाजूला, एसीच्या बरोबर खाली, खांद्यावर घोंगडं टाकलेला प्लॅस्टरचा मेंढपाळ आणि त्याच्या पायाशी प्लॅस्टरची तीन मेंढरं. लोक त्याच्या गळ्यात हात टाकून फोटो काढत होते.

आत्या त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. वरपासून खालपर्यंत बघितलं.

"ह्यो दिसभर हितंच असतोय?"

"मग! पुतळाच हाय तो," बाबा म्हणाले.

"गारव्यात?"

"व्हय की."

"बग," आत्या म्हणाली, "आनि आमचं मालक उनात."

जेवणाचं ताट आलं. कडक भाकरी, शेंगाची चटणी, पिठलं, ठेचा, कांदा. बाबा अभिमानानं म्हणाले, "खा, आक्का. लोक लांबनं येतात हे खायला." आत्यानं ताटाकडं बघितलं, मग बाबांकडं.

"धना," ती म्हणाली, "ह्ये तर मी सकाळी फडक्यात बांदून आनलंय. तुज्या किचनात हाय."

रात्रभर आत्याचा डोळा लागला नाही असं आई म्हणाली. सकाळी उठल्या उठल्या तिचा हुकूम: "आज डोसा. आनि जाळ."

मौलाली चाचांनी आम्हाला नवी पेठेच्या बाजूला एका मोठ्या हॉटेलात सोडलं आणि ते बाहेर थांबले. डोसा आला. चांगला हातभर लांब होता, ताटाच्या दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला. मला वाटलं जिंकलो. आत्यानं आधी डोसा मोजल्यासारखा न्याहाळला आणि मला म्हणाली, "तू त्या टोकाला बस. तू जोतिराम हो."

मी जोतिराम झाले. जोतिरामकाका जेवताना नाकानं 'हूं हूं' करतात, तेही केलं, म्हणजे कशात काही कमी नको. आम्ही दोन टोकांकडून खायला लागलो. चार घासांत आमची डोकी एकमेकांवर आपटली. शेजारच्या टेबलावरची कॉलेजची पोरं फुटून हसली. आत्या कपाळ चोळत म्हणाली, "आकूड हाय. सोनमचा ह्येच्यापरीस लांब हुता."

मग आइस्क्रीम मागवलं. वेटर घेऊन आला, ठेवलं आणि निघाला.

"थांब की. ह्येला जाळ लाव."

"काय, मावशी?"

"जाळ. खालनं गार, वरनं जाळ. लावतासा न्हवं?"

पोरगं बिचारं सालस होतं. आत गेलं, कुणाशी तरी बोललं आणि वाढदिवसाची एक बारीक गुलाबी मेणबत्ती आइस्क्रीममध्ये खोचून, पेटवून घेऊन आलं. टाळ्याही वाजवल्या. आत्या त्या मेणबत्तीकडं बघत राहिली. मेण वितळून आइस्क्रीमवर एक गुलाबी थेंब पडला.

"ही मेनबत्ती हाय," ती हळूच म्हणाली. फुंकर मारून विझवली आणि ते आइस्क्रीम गपगप खाल्लं. चव कशी आहे ते मी विचारलं नाही.

रिक्षात बसल्यावर चाचा म्हणाले, "क्या आत्या! मुँह कायकू उतऱ्या? डोसा छोटा पड्या क्या?"

"सोलापूरच बारकं पडलं, चाचा."

"ऐसा नक्को बोलो!" चाचा खरोखर दुखावले. "मैं दिखातू ना तुमना, पूरा घुमातू!" आणि त्यांनी पेट्रोलचा विचार न करता रिक्षा भलत्याच बाजूला वळवली. जनावरांच्या बाजाराच्या रस्त्यावरून जाताना एकदम करडांचं बें-बें ऐकू आलं आणि आत्यानं चाचांच्या खांद्यावर थाप मारली. "थांबवा."

करडं दिसली की आत्याला खाली उतरावंच लागतं. बाजाराच्या फाटकासमोर रस्त्याकडेला टेम्पोंची रांग होती. एका टेम्पोत लोक विकायला आणलेली बकरी धरून बसले होते. आत्या हौद्याच्या फळीला टेकून करडांची डोकी खाजवत उभी राहिली, टेम्पोतल्या बाईला कुठलं गाव, काय म्हणून विचारलं. मग सहज मान वर केली आणि तशीच राहिली.

रस्त्याच्या पलीकडं एक भला मोठा फ्लेक्स होता. उन्हानं रंग उडालेला, एक कोपरा फाटून फडफडत असलेला. आत्याला वाचता येत नाही, पण त्यावर वाचण्यासारखं फारसं नव्हतंच. चित्रंच होती. डावीकडं किल्ला, त्याच्यावर लाल, हिरवा, निळा उजेड.

आत्याचं बोट वर गेलं. "पुने. सोनम काय म्हनती? तिच्यावानी बोल."

मला काय, सांगायचा अवकाश. मी मान तिरकी केली, ओढणीचं टोक दोन बोटांत धरलं. "आम्ही ना, बाई, आधी किल्ला बघितला. किल्ल्यावर ना, लाइटिंग असतं."

आत्याचं बोट उजवीकडं सरकलं. तळं, बोट.

"मग आम्ही बोटीत बसलो. बोटीत समोर एक बाई होती, तिनं..."

"हॅट," आत्या म्हणाली. बाई होती. हॅटही होती.

पुढं एक नवरा-बायको, मधे चटईएवढा डोसा, दोघांनी दोन टोकं तोंडात धरलेली. आणि शेवटी, फाटक्या कोपऱ्याला लागून, आइस्क्रीमचा पेला आणि त्याच्यावर निळा-पिवळा जाळ.

"खालनं गार, वरनं जाळ," मी म्हणाले, पण आता सोनमचा आवाज निघाला नाही, माझाच निघाला.

चित्रांखाली मोठ्या अक्षरात हॉटेलचं नाव आणि 'लवकरच आपल्या सेवेत' असं लिहिलं होतं. मी ते आत्याला वाचून दाखवलं.

"ये हॉटेल?" चाचा मागून गरजले. "अरे ये तो बन्याच नै! दो-ढाई साल हो गये, बोर्ड लगाके मालक गया तो गयाच. पिच्छे देखो, खाली जमीन है. बकऱ्यां चरतीं."

फ्लेक्सच्या मागं खरंच बकऱ्या चरत होत्या.

आत्यानं सगळं जुळवलं. ते तिच्या तोंडावर एकेक करून उमटताना दिसत होतं. "जोतिराम बोकडं घिऊन आत बाजारात गेला असंल. ही हितं. टेम्पोत. करडं धरून. दिसभर." मग ती हसायला लागली. अशी हसली की टेम्पोतली करडं बावरून मागं सरली. मांडीवर थापा मारल्या, डोळ्यांतलं पाणी पदरानं टिपलं, चाचांच्या पाठीवरही एक थाप बसली. "सटवे! कशाचं हाटेल आनि कशाचा जाळ! थांब, आता मायाम्होरंच इचारते तिला. समद्या बायकांम्होरं इचारते."

रिक्षा सुरू झाली. सात रस्त्याच्या चौकापर्यंत ती हसत होती. पुढं हसू बारीक झालं. मग बंद झालं.

"पुने," ती म्हणाली, "तिला काय बी दिसलं न्हाय, तरी तिचं भारी. मला समदं दिसलं, तर माजं बारकं."

"पण तुझं खरं हाय की, आत्या."

"खऱ्याला काय करू? पोर जांभई देती."

पुढं घर येईपर्यंत ती बाहेर बघत होती. मी तिच्या तोंडाकडं बघून ओळखलं, आता तिला त्या टेम्पोत बसलेल्या सोनमचासुद्धा हेवा वाटायला लागला होता. तो फ्लेक्स दोन वर्षांपूर्वी कोरा करकरीत असणार, रंगही ताजे.

दुसऱ्या दिवशी बाबा आणि मी तिच्याबरोबर सांगोल्याच्या गाडीत बसलो. आत्यानं गाडीतच तालीम सुरू केली. शेजारच्या अनोळखी बाईला म्हणाली, "आमी किल्ल्यावर गेलो. दगडं हुती." बाई पुढचं ऐकायला थांबली. पुढं काही नव्हतंच. "लई दगडं हुती," आत्या म्हणाली. बाई खिडकीकडं वळली. आत्यानं माझ्याकडं बघितलं. "बगितलंस? हिनं बी जांभई दिली."

वस्तीवर पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. माया धावत आली आणि आत्याच्या कमरेला मिठी मारली. सात महिन्यांनी आई भेटत होती तिला. पण पहिला प्रश्न काय? "आई, तू सोलापूर बगितलंस? खरंच आतनं बगितलंस?"

बातमी आधीच पोचलेली होती. बायका ओट्यावर जमल्या होत्या. सोनमकाकी भिंतीला टेकून सुपात मटकी निवडत होती. तिनं आत्याच्या पाया पडून घेतलं, बाबांना पाणी दिलं, सगळं रीतीनं केलं आणि पुन्हा सूप पुढ्यात ओढलं. पण मटकी निवडणारी बोटं एकाच जागी फिरत होती, मी बघत होते. माया पळत जाऊन तिच्या मांडीवर बसली. सवयीनंच.

आत्यानं ते बघितलं. पदर कमरेला खोचला.

"सोनम," ती म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "तू ज्या हाटेलात बसली हुतीस, त्ये नेमकं कुटं गं? मला गावलंच न्हाय."

सूप थांबलं. सोनमनं मान वर केली नाही. आणि कुणी काही बोलायच्या आत मायानंच सुरू केलं. मान तिरकी, फ्रॉकचं टोक दोन बोटांत, आवाज नाकातून. पोरीचा कान माझ्यापेक्षा तिखट आहे.

"आम्ही ना, बाई, आधी किल्ला बघितला." एकही शब्द चुकला नाही. लाल, हिरवं, निळं. हॅट. ह्या टोकाकडून, त्या टोकाकडून. शेवटाला आली तेव्हा तिचे डोळे एवढे मोठे झाले होते. "खालनं गार, वरनं जाळ!" मग ती आईकडं वळली. "आई, तुज्या आइस्क्रीमला हुता न्हवं जाळ?"

आत्यानं सोनमकडं बघितलं. सोनम आता तिच्याकडंच बघत होती, सुपाची कड दोन्ही हातांनी धरून. मग आत्यानं मायाकडं बघितलं. पोरगी वाट बघत होती. जांभई नव्हती.

"हुता की," आत्या म्हणाली.

सोनमचे खांदे सैल पडले. पण आत्याचं संपलं नव्हतं.

"पर काकीच्या टायमाला येकच लावत हुते. आता दोन लावत्यात."

"दोन?" माया मांडीवरून उठली.

"दोन. ह्या अंगाला येक, त्या अंगाला येक. आनि डोसा? आगं, येवडा, की त्या टोकाला कोन बसलंय त्ये मला दिसंना. म्या हाक मारली, तवा तिकडनं पुनी 'ओ' म्हनली."

माया माझ्याकडं वळली. "व्हय, ताई?"

"ओ," मी म्हणाले. लांबून आल्यासारखं. मला जमतं ते.

"आगं बया!" बायका म्हणाल्या. हे त्यांचं रोजचं 'आगं बया' नव्हतं, नवंकोरं होतं.

रिक्षावाला कसा होता, मासे कसे हाक मारली की कळपानं आले, पुतळ्याला गारवा कसा लावून दिला होता, सगळं आलं. खरं आणि खोटं आता तिच्या तोंडून एकाच चालीत निघत होतं, आणि एसटीतल्या बाईपुढं न जमलेली गोष्ट अशी सरळ चालायला लागली की तिची तीच चकित झाली. माया कधी सरकत सरकत येऊन तिच्या मांडीवर बसली ते आत्यालाही कळलं नाही. कळलं तेव्हा तिनं पोरीच्या केसांवर हात ठेवला आणि ओट्यावरून अशी नजर फिरवली, जशी शंभर मेंढरं एका हाकेत वळवल्यावर फिरवतात.

सोनमकाकी घागर घेऊन हौदाकडं गेली. आत्यानं मायाला बाजूला बसवलं, "आले हां," म्हणाली आणि तिच्या मागं निघाली. जिंकल्यावर हरलेल्याचं तोंड जवळून बघायचं असतं. मी पण बादली उचलली. असलं काही चुकवणं माझ्यानं होत नाही.

सोनम हौदाशी वाकून घागर बुडवत होती. आत्या कमरेवर हात ठेवून उभी राहिली. मग सोनमनं मागं न बघताच विचारलं, आणि तिची ती इस्त्रीची भाषा कुठल्या कुठं गेली होती.

"आक्का, खरंच जाळ लावत्यात व्हय वं?"

म्हणजे तिनं आपल्या तोंडानंच सांगून टाकलं. आत्याला आता बोर्डाचं नाव काढायचीसुद्धा गरज नव्हती. मला वाटलं, आता तरी आत्या म्हणेल, न्हाय गं बाई, मेणबत्ती हुती. दोघी हसतील.

आत्यानं तिच्याकडं बघितलं. पाण्यात बुडवलेल्या घागरीकडं बघितलं. आणि म्हणाली, "दोन."

असं 'दोन' मी आजवर ऐकलेलं नाही. मी खूपदा करून बघितलं, आत्याचा आवाज येतो, पण त्यातलं समाधान येत नाही.

सोनमनं घागर भरून वर काढली. कमरेवर घेतली. तिच्या डोळ्यांत स्वच्छ दिसत होतं की तिला त्या दोन जाळांचा हेवा वाटतोय. ज्या हॉटेलात ती कधी गेलीच नाही, त्या हॉटेलानं तिच्यामागं आत्याला जास्त दिलं म्हणून ती जळत होती. तशीच चालत ती ओट्यापर्यंत आली. मागून आत्या येऊन मायाजवळ टेकली, हात पुन्हा पोरीच्या केसांवर. सोनमनं घागर खाली ठेवली, हात पुसले. मान जराशी तिरकी झाली. पदराचं टोक दोन बोटांत गेलं.

"हां," ती म्हणाली, "आत्ता आठवलं. आमच्याही आइस्क्रीमला दोनच होते, बाई. पण वारा असा सुटला ना, की त्यातला एक उडाला आणि समोरच्या बाईच्या हॅटवर जाऊन बसला!"

"हॅटवर?" माया उभी राहिली.

"हॅटवर. आणि मग काय पळापळ!"

"सांग की, काकी. सांग की, इझवला कसा?"

माया तिच्याकडं पळाली. बायका पुढं सरकल्या. आत्या ओट्याच्या कडेला बसली होती, हात मायाच्या केसांच्या उंचीवर तसाच राहिलेला. तिनं तो हळूच खाली घेतला आणि ऐकत राहिली. हॅट पेटल्यावर वेटर धावला, तळ्याचं पाणी आणलं, सगळं ऐकलं. तोंड उघडं टाकून ऐकलं. मग माझ्या दंडाला धरून मला जवळ ओढलं आणि कानात म्हणाली:

"पुने, मेंढरं निघायच्या आदी मी परत येते. चाचाला सांगून ठेव. आनि ह्या टायमाला कायतरी चांगलं दाव मला."